देशाची जर्सी आणि क्लबचा करार

खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाचा मुलगा मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन हॉकी शिकला. पुढे तो चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार एशियन गेम्स खेळला. धनराज पिल्लेची ही गोष्ट पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या क्लबांची यादी मात्र फारशी कोणी वाचत नाही. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधला लिऑन, जर्मनीतला स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले बीएसएन आणि टेलिकॉम मलेशिया, ढाक्याचा अबाहानी. भारताकडून १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षे खेळलेला हा माणूस परदेशातल्या इतक्या क्लबांकडूनही खेळला, आणि म्हणून तो कमी भारतीय ठरला असे खडकीत कोणी म्हणणार नाही.

तरीही परदेशी लीगमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्याला देशाच्या संघात जागा द्यावी का, हा प्रश्न दर मोसमात कुठे ना कुठे निघतोच. बहुतेक वेळा तो निष्ठेचा म्हणून मांडला जातो. खेळाडू पैशाच्या मागे लागला, देश विसरला, अशी बोलणी होतात. मला ती अन्यायाची वाटतात. खेळाडू पात्र आणि फॉर्मात असेल तर त्याला घ्यावे. गेल्या रविवारी तो कुठल्या देशात सामना खेळला, याचा निवडीशी संबंध नसावा. घोडे अडते ते कागदपत्रांत, तारखांत आणि दुखापत झाली तर खर्च कोणी सोसायचा, या मुद्द्यावर. ही यंत्रणा नेमकी कशी चालते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. कोणत्या देशाकडून खेळायचे हे क्लब ठरवत नाही. फुटबॉलमध्ये आणि ऑलिंपिकमधल्या बहुतेक खेळांत ते नागरिकत्वावर ठरते. भारतात तर २००८च्या डिसेंबरपासून केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचे धोरण आहे की भारतीय पासपोर्ट असलेल्यानेच देशाकडून खेळावे. विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश डेव्हिस कपमध्ये भारताकडून खेळत होता, पण त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट असल्यामुळे या धोरणानंतर त्याला ते दार बंद झाले. उलट दिशेने पाहायचे तर मुंबईचा सौरभ नेत्रावळकर. भारताकडून एकोणीस वर्षांखालील वर्ल्ड कप खेळलेला हा डावखुरा गोलंदाज नोकरी-शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, आणि २०२४च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेकडून खेळला. क्रिकेटमध्ये ठरावीक वर्षे वास्तव्य केले तरी पात्रता मिळते, म्हणून हे शक्य झाले. या दोन्ही गोष्टी देश बदलण्याच्या आहेत. आपला प्रश्न वेगळा आहे: पासपोर्ट भारताचा, घर पुण्यात, करार मात्र परदेशी क्लबशी.

अशा खेळाडूच्या वाटेवर दोन कागद असतात. पहिला जाताना लागतो, तो म्हणजे आपल्या देशाच्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र. खेळाडू त्याला एनओसीच म्हणतात. दुसरा परत येताना लागतो: राष्ट्रीय संघात निवड झाल्यावर क्लबने दिलेली मोकळीक, म्हणजे रिलीज. प्रत्येक खेळात या दोन कागदांचे वजन वेगळे असते. फुटबॉलमध्ये पहिला कागद जवळपास कारकुनी असतो आणि दुसरा बंधनकारक. क्रिकेटमध्ये सगळी सत्ता पहिल्या कागदात आहे. हॉकीत दोन्ही कागद संघटनेच्या मर्जीवर फिरतात, त्यामुळे तिथे खेळाडूची सर्वाधिक ओढाताण होते.

फुटबॉलची व्यवस्था समजायला सर्वांत सोपी, कारण तिचे नियम छापलेले आहेत आणि जगभर तेच लागू होतात. फिफाने वर्षातल्या ठरावीक तारखा राष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्यांना विंडो म्हणतात. विंडो सुरू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी देशाची संघटना खेळाडूला लेखी बोलावणे पाठवते आणि क्लबलाही कळवते. क्लबला सहा दिवसांत होकार कळवावा लागतो. नाही म्हणण्याची मुभा त्याला नसते, मग तो बार्सिलोना असो की बंगळूर. खेळाडूनेही कारणाशिवाय बोलावणे टाळले तर त्या काळात, आणि त्यानंतर आणखी पाच दिवस, त्याला क्लबकडून खेळता येत नाही. प्रवासखर्च देशाच्या संघटनेचा, पगार मात्र क्लबचाच चालू राहतो.

आता क्लबच्या बाजूने विचार करा. खेळाडूला पगार आपण द्यायचा, त्याने देशासाठी खेळताना गुडघा मोडून घ्यायचा, आणि सहा महिने तो आपल्याच खर्चाने घरी बसायचा. ही तक्रार खरी होती. तिच्यावर फिफाने उपाय काढला. देशाकडून खेळताना दुखापत झाली आणि खेळाडू २८ दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर त्याचा पगार फिफाच्या निधीतून क्लबला मिळतो. दिवसाला कमाल २०,५४८ युरो, जास्तीत जास्त वर्षभर. शिवाय वर्ल्ड कपच्या कमाईतला वाटा खेळाडू पाठवणाऱ्या क्लबांना मिळतो. २०२२च्या कतार वर्ल्ड कपनंतर २०.९ कोटी डॉलर ४४० क्लबांमध्ये वाटले गेले. निष्ठेवर भाषणे देऊन फुटबॉलमधला क्लब-देश वाद निवला नाही. तारखा आणि विमा ठरवून दिल्यावर तो बराचसा निवला.

पण विंडोबाहेर काय होते? २०२३मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्स फिफाच्या तारखांत बसत नव्हत्या. तिथे क्लबांवर सोडण्याचे बंधन नव्हते आणि आपल्याच इंडियन सुपर लीगच्या क्लबांनी बरेच खेळाडू सोडले नाहीत. शेवटच्या क्षणी जमवलेला संघ, सोबत सुनील छेत्री, धड सराव नाही, आणि पहिल्याच सामन्यात चीनकडून १-५ अशी हार. क्लब देशातला असला म्हणून तो खेळाडू आपणहून सोडतो असे नाही, हे तेव्हा दिसले.

क्रिकेटमध्ये असा बंधनकारक नियम कधीच नव्हता, आणि त्याची किंमत भारताने फार पूर्वी मोजली आहे. १९५२ साली भारतीय संघ सांगलीच्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला निघाला, तेव्हा देशातला सर्वोत्तम अष्टपैलू विनू मंकड संघात नव्हता. लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबने त्याला करार देऊ केला होता. तो करार नाकारायचा तर दौऱ्यावर निवड नक्की होईल एवढे आश्वासन त्याने मागितले. भारतीय क्रिकेट मंडळाने ते दिले नाही. उदरनिर्वाहाचा प्रश्न होता, त्याने करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली: पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. मग मंडळाला मंकडची आठवण झाली. हॅसलिंग्डनशी बोलणी झाली आणि क्लबने त्याला उरलेल्या कसोटींसाठी सोडले.

लॉर्ड्सवर मंकडने पहिल्या डावात ७२ धावा केल्या. मग इंग्लंडच्या ५३७च्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. लगेच पुन्हा सलामीला जाऊन १८४ केल्या, आणि शेवटच्या डावात आणखी २४ षटके टाकली. सामना भारत हरला, तरी ती कसोटी आजही मंकडच्या नावाने ओळखली जाते. आदल्या आठवड्यांत हा माणूस एका लहान इंग्रज गावाच्या क्लबकडून पैसे घेऊन खेळत होता. देश आणि क्लब यांत त्याला निवड करायला लावणारा कागद मंडळाच्या कार्यालयात तयार झाला होता. खेळाडूला फक्त वेळेवर एक आश्वासन हवे होते, आणि परदेशी क्लबने तर मोठ्या मनाने त्याला सोडले.

पुढे इंग्लंडमधले काउंटी क्रिकेट ही भारतीय खेळाडूंना शाळाच ठरली. मुंबईचा फारुख इंजिनिअर लँकेशायरकडून खेळत असतानाच भारताचे यष्टिरक्षण करत होता. श्रीरामपूरच्या झहीर खानचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००६च्या उन्हाळ्यात तो भारतीय संघाबाहेर होता. तो वूस्टरशायरकडे गेला. तिथे थंड हवेत, हिरव्या खेळपट्ट्यांवर, दर आठवड्याला चार-चार दिवस गोलंदाजी करून त्याने काउंटी मोसमात ७८ बळी घेतले. धावण्याची लय, चेंडूवरचा ताबा, दोन्ही बाजूंचा स्विंग, सगळे तिथे घोटून झाले. वर्षअखेरीस तो भारतीय संघात परतला. पुढच्याच उन्हाळ्यात, २००७मध्ये, नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्याने नऊ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकली. वूस्टरने त्या मोसमात झहीरवर जो पैसा आणि जी मेहनत खर्च केली, तिचे व्याज भारताला मिळाले.

काउंटीला आजही भारतीय मंडळाची हरकत नसते. अजिंक्य रहाणे हॅम्पशायर आणि लेस्टरशायरकडून खेळला, पृथ्वी शॉने नॉर्दॅम्प्टनशायरकडून एकदिवसीय सामन्यात २४४ धावा केल्या. बंदी आहे ती परदेशी टी-ट्वेंटी लीगवर, आणि तीही फक्त पुरुषांवर. भारतीय पुरुष क्रिकेटपटूला बिग बॅश, कॅरेबियन किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या लीगमध्ये खेळायचे असेल, तर आधी देशाकडून, रणजीतून आणि आयपीएलमधूनही निवृत्त व्हावे लागते. दिनेश कार्तिक निवृत्तीनंतरच दक्षिण आफ्रिकेत गेला. मुंबईचा प्रवीण तांबे वयाच्या चाळिशीनंतर आयपीएलमध्ये आला होता. पण परवानगीशिवाय टी-टेन लीग खेळल्यामुळे २०२०च्या आयपीएलला तो अपात्र ठरला. मग त्याच वर्षी कॅरेबियन लीग खेळणारा तो पहिला भारतीय झाला.

त्याच मंडळाने मुलींना मात्र मोकळे सोडले. २०१६मध्ये हरमनप्रीत कौर आणि सांगलीची स्मृती मानधना ऑस्ट्रेलियातल्या महिला बिग बॅशमध्ये उतरल्या. पुढे मुंबईची जेमिमा रॉड्रिग्जही तिथे आणि इंग्लंडमध्ये खेळली. ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांना त्यांच्याच मैदानांवर, त्यांच्याच संघांत राहून या मुलींनी वर्षानुवर्षे पाहिले. ३० ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईत वर्ल्ड कपच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना जेमिमाने नाबाद १२७ केल्या, आणि तीन दिवसांनी भारत जगज्जेता झाला. परदेशी लीगमुळेच हे झाले असा दावा मी करणार नाही. पण परदेशी लीग खेळल्याने देशाशी नाळ तुटते, हा युक्तिवाद त्या रात्रीनंतर मंडळाने पुन्हा करू नये. पुरुषांवरची बंदी आयपीएलची बाजारातली किंमत राखण्यासाठी आहे. ते कारण व्यापारी आहे, आणि व्यापारी म्हणूनच ते मांडले जावे. देशप्रेमाचे नाव त्याला देऊ नये.

दुसऱ्या बाजूलाही एक खरी भीती आहे आणि ती झटकून चालणार नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कसोटी संघ न्यूझीलंडला गेला, तेव्हा त्यांचे मुख्य खेळाडू घरच्या लीगला बांधलेले होते. कधीच कसोटी न खेळलेल्या नील ब्रँडकडे पहिल्याच सामन्यात कर्णधारपद आले. न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपली पहिली कसोटी मालिका जिंकली. म्हणजे तारखा राखून न ठेवता सगळे बाजारावर सोडले, तर देशाचा संघ पोकळ होतो. उपाय फुटबॉलचाच आहे: आधी ठरलेल्या तारखा आणि त्या तारखांना सक्तीची मोकळीक. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही व्यवस्था अजून उभी केलेली नाही.

हॉकीकडे वळल्यावर पुण्याचे नाव पुन्हा येते. युरोपातल्या हॉकी लीगचे सामने मुख्यतः शनिवार-रविवारी होतात. भारतीय पद्धत वेगळी आहे. राष्ट्रीय संघाचे संभाव्य खेळाडू वर्षातले कित्येक महिने बंगळूरच्या शिबिरात एकत्र राहतात. दोन्ही एकाच वेळी जमणे अवघड. सरदारासिंग बेल्जियमच्या ल्यूवेनकडून आणि नेदरलँड्सच्या ब्लूमेंडालकडून खेळला, पण अशी नावे मोजकीच. त्यातच आपल्याकडचे बहुतेक हॉकीपटू रेल्वे, तेल कंपन्या, पोलिस अशा ठिकाणी नोकरीला असतात. धनराज स्वतः इंडियन एअरलाइन्समध्ये होता. म्हणजे संघटना आणि क्लब यांच्या जोडीला कार्यालयाची रजाही लागते. देशाकडून खेळण्याचे मानधन वर्षानुवर्षे तुटपुंजे असताना घर चालवायला परदेशी करार हाच आधार होता. १९९८मध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली बँकॉकला भारताने ३२ वर्षांनी एशियन गेम्सचे सुवर्ण जिंकले. त्यानंतर पैशांबद्दल उघड बोललेल्या धनराजला आणि काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना संघातून दूर ठेवण्यात आले. कारण सांगितले गेले विश्रांतीचे.

या सगळ्या प्रश्नाची कायदेशीर कसोटी लागली तीही धनराजच्याच नावाने. इंडियन हॉकी फेडरेशन आणि निंबस ही कंपनी यांनी वर्ल्ड सीरिज हॉकी ही लीग जाहीर केली. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने आणि त्याची मान्यता असलेल्या हॉकी इंडिया या संघटनेने तिला मान्यता दिली नाही. अशा अमान्य स्पर्धेत खेळणाऱ्याला देशाच्या संघाचे दार बंद, असा नियम होता. लीग देशातलीच होती, पण प्रश्न तोच: पोटासाठी दुसरीकडे खेळल्याबद्दल राष्ट्रीय संघातून वगळता येते का? धनराज आणि काही माजी हॉकीपटू २०११मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले. हॉकी इंडिया आपल्या मक्तेदारीचा गैरवापर करते, अशी त्यांची तक्रार होती. दरम्यान २०१२च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लीग झाली. पुणे स्ट्रायकर्स अंतिम फेरीत पोहोचले आणि शेर-ए-पंजाबकडून हरले. ती लीग पुन्हा झाली नाही.

आयोगाचा आदेश मे २०१३मध्ये आला. कायद्याचा भंग झालेला नाही, असा त्याचा निष्कर्ष. पण आयोग तिथे थांबला नाही. हॉकी इंडिया खेळाचे नियमनही करते आणि स्वतः स्पर्धा भरवून पैसेही कमावते. नियमनाची सत्ता व्यापारी हितासाठी वापरली जाणार नाही याची काळजी घेणारी अंतर्गत व्यवस्था तिने उभी करावी, असे आयोगाने बजावले. मला हा आदेशाचा गाभा वाटतो. ज्याची स्वतःची लीग आहे तोच दुसऱ्या लीगची परवानगी देणारा अधिकारी असेल, तर खेळाडूला न्याय मिळाला की नाही हे कोण तपासणार? दहा वर्षांनी, डिसेंबर २०२३मध्ये, युरोपियन युनियनच्या सर्वोच्च न्यायालयाने युरोपियन सुपर लीगच्या खटल्यात फिफा आणि युरोपीय फुटबॉलची संघटना युएफा यांना जवळपास हेच सांगितले: आधी परवानगी घ्या असा नियम करायचा असेल, तर निकष स्पष्ट, उघड आणि सर्वांना सारखे हवेत.

भारतात आता २०२५चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला आहे आणि त्यात क्रीडाविषयक वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे. त्याच्या जोडीला माझ्या मते आणखी काही हवे. एनओसी नाकारली तर लेखी कारण द्यावे, ठरलेल्या मुदतीत द्यावे, आणि त्याविरुद्ध खेळाडूला दाद मागता यावी. संघटनांनी राष्ट्रीय शिबिरांच्या आणि सामन्यांच्या तारखा वर्षभर आधी जाहीर कराव्यात, म्हणजे परदेशी क्लबशी बोलताना खेळाडूच्या हातात काहीतरी असेल. देशाकडून खेळताना झालेल्या दुखापतीचा विमा संघटनेने उतरवावा. एवढे केले, तर मंकडसारखी पाळी पुढच्या कुणावर येणार नाही.

पिंपरीच्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावर किंवा बालेवाडीत सकाळी सराव करणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना एक सांगणे आहे. उद्या तुमच्या मुलीला बेल्जियमच्या क्लबचे किंवा मुलाला काउंटीचे बोलावणे आले, तर आनंदाने पाठवा. पण सही करण्याआधी करारात चार गोष्टी आहेत की नाही ते पाहा. राष्ट्रीय संघात निवड झाल्यास क्लब सोडेल, हे कलम. त्या काळातला पगार कोण देणार, हे. देशाकडून खेळताना दुखापत झाली तर उपचार आणि पगार कोणाच्या जबाबदारीवर, हे. आणि संघटनेची एनओसी तोंडी नको, लेखी हवी. करार परक्या भाषेत असेल तर तो समजावून देणारा वकील गाठा. त्याची फी मुलाच्या एका मोसमाच्या कमाईपुढे फार नसते, आणि राष्ट्रीय संघातली जागा ऐन वेळी हुकू नये म्हणून ती द्यायलाच हवी.